मोटारगाडीतील उष्ण हवेचा पंखा

लडाखच्या हिवाळ्यात गाडीतील उष्ण हवेचा पंखा ही चैनीची वस्तू नव्हे. तो थांबला की श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर गोठते आणि चालकास घाटातील वळणच दिसेनासे होते.

या पंख्याची एक खोड मात्र मोठी बोलकी आहे. वेगाची कळ पहिल्या तीन खुणांवर असता तो निपचित राहतो. चौथ्या खुणेवर आणताच जोराने फिरू लागतो. अर्थात पंख्याची मोटर व फ्यूज दोन्ही शाबूत आहेत. दोष बहुधा रोधकात असतो. मंद वेगासाठी प्रवाह रोधकाच्या तारेतून नेतात. प्रवाह ५ अँपियर व रोध १ ओहम धरल्यास १२ व्होल्टांपैकी ५ तेथेच खर्ची पडतात, मोटरीस ७ उरतात आणि तार २५ वॅट उष्णतेने तापते. ती निवावी म्हणून रोधक पंख्याच्याच वाऱ्यात बसवितात. सर्वाधिक वेगाच्या वेळी प्रवाह त्याला वगळून जातो.

नवा रोधकही लवकरच जळाला, तर त्यास बोल लावणे व्यर्थ होय. धुळीने अडखळणारी मोटर अधिक प्रवाह ओढीत असते. त्यामुळे कधी फ्यूजही वितळतो. तेथे जाड तार घालणारा हुशार कारागीर फार महाग पडतो. कारण मग फ्यूजऐवजी गाडीतील तारांचे वेष्टण जळू लागते.