अपग्रेडनंतर सर्व्हिस उठत नाही तेव्हा

लिनक्सचे अपग्रेड सुरळीत पार पडते, सर्व्हरही चालू होतो, पण वेबसाइट चालवणारा अपाची उठत नाही. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लहान ऑफिसात अशा वेळी तो काढून पुन्हा बसवण्याची घाई होते. त्याने क्वचितच काही साधते. प्रोग्रॅम बहुधा धडधाकट असतो. बदललेला असतो तो त्याच्या भोवतीचा पसारा.

सर्व्हिस सुरू करण्याचे काम आज बहुतेक लिनक्समध्ये सिस्टम-डी करतो. 2010 मध्ये आलेला हा प्रोग्रॅम डेबियन आणि उबुंटूने 2015 मध्ये मुख्य म्हणून स्वीकारला. 'सिस्टमसीटीएल स्टेटस' ही कमांड त्याच्याकडून सर्व्हिसची अवस्था वदवून घेते. तिथे पुष्कळदा 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' अशी ओळ दिसते आणि तीच फसवते. सर्वसाधारणपणे 10 सेकंदांत 5 प्रयत्न फसले की सिस्टम-डी नाद सोडतो, एवढाच तिचा अर्थ. खरे कारण त्याआधीच्या नोंदींत असते. 'जर्नलसीटीएल' उघडून पहिली चूक शोधावी. कोड 203 असेल तर प्रोग्रॅमची फाइल चालवता आलेली नाही. 217 असेल तर सर्व्हिसचा युजर सापडलेला नाही.

अपाचीचे नेहमीचे दुखणे पीएचपीचे. उबुंटू 22.04 मध्ये पीएचपी 8.1 होते, 24.04 मध्ये 8.3 आले. जुने मॉड्यूल जाते, पण ते लोड करण्याची सूचना कधीकधी मागे राहते. 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' त्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही सांगते. मग जुने मॉड्यूल बंद करून नवे चालू करणे हे दोन कमांडचे काम.

अपग्रेडच्या वेळी 'जुनी सेटिंग ठेवू का?' या प्रश्नाला सरसकट होकार दिलेला असेल, तर नव्या आवृत्तीने रद्द केलेला एखादा पर्याय जुन्या फाइलीत उरतो. नवी फाइल शेजारीच 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटासह पडलेली असते; दोन्ही ताडून पाहाव्यात. पोर्ट 80 दुसऱ्याच प्रोग्रॅमने बळकावलेला असण्याचीही शक्यता असते.

दुरुस्तीनंतर सर्व्हर एकदा रीबूट करावाच. हाताने सुरू केलेली सर्व्हिस चालते, पण बूट होताना नेटवर्कचा पत्ता मिळण्याआधीच उठून कोसळते, असेही घडते. तेव्हा तिच्या युनिट फाइलीत 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटनंतर सुरू होण्याची अट घालून 'डीमन-रीलोड' द्यावा लागतो.