इन्व्हर्टर आला, पण न्यूट्रल वेगळा केला का?



परभणीचा उन्हाळा आणि लाईट जाणं आपल्याला नवं नाही. म्हणून आता बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आलाय. आमच्या गटातल्या एका ताईंनीही कर्ज काढून घेतला. पण तेव्हापासून मेन बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे टी बटण असलेला सुरक्षा स्विच, सारखा पडायला लागला. वायरिंगवाल्यानं तो काढूनच टाकला. कटकट गेली, पण घराचा राखणदारही गेला.

करंट फेजच्या वायरनं जातो आणि न्यूट्रलच्या वायरनं परत येतो. आपण गटाच्या वहीत जमा-खर्च जुळवतो, तसा ईएलसीबी गेलेला आणि आलेला करंट जुळवतो. घरातल्या ईएलसीबीला साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो लाईट तोडतो, कारण तेवढा करंट कुणाच्या अंगातून जमिनीत जात असू शकतो.

जुन्या घरांत बहुतेक वेळा सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकच असतो. इन्व्हर्टर बसवताना दोन बल्ब आणि पंख्याचा फेज तेवढा वेगळा करतात, न्यूट्रल सामायिकच राहतो. मग करंट एका वाटेनं जातो, दुसऱ्या वाटेनं परततो. हिशेब जुळत नाही आणि ईएलसीबी पडतो.

याहून मोठा धोका पुढे आहे. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर चालूच असतो. न्यूट्रलला टेस्टर लावला तर पेटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण जोड सोडला की बल्बमधून २३० व्होल्ट त्या सुट्या टोकाला येतात. झटका जीवघेणा असतो.

उपाय अवघड नाही. परवानाधारक वायरमनकडून इन्व्हर्टरवरच्या बल्ब-पंख्यांसाठी इन्व्हर्टरपासून वेगळी काळी न्यूट्रल वायर ओढून घ्या. ती जुन्या न्यूट्रलला कुठंही जोडू नका. अर्थिंगच्या वायरचा न्यूट्रल तर कधीच करू नका. काम झाल्यावर इन्व्हर्टरचा फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून क्लॅम्प मीटर लावायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. दुरुस्तीआधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, इन्व्हर्टरचा प्लगही काढा.

ताईंनी वेगळा न्यूट्रल ओढून घेतला, ईएलसीबी परत बसवला. आता तो उगाच पडत नाही. तुम्हीही महिन्यातून एकदा, लाईट असताना टी बटण दाबा. स्विच पडला नाही तर लगेच वायरमनला बोलवा. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: तुझ्या घरचा न्यूट्रल वेगळा आहे का?