‘कट्यार’ पुन्हा लागली तर

जुनं संगीत नाटक नव्या कलाकारांसह येतंय अशी जाहिरात दिसली की आपण आधी नाव पाहतो, प्रमुख भूमिकेत कोण? त्यात गैर काही नाही. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ला गर्दी झाली ती खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांसाठीच. ते वाढले नागपुरात. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. म्हणजे आपल्या बोरगावपासून दीड तासावरची ही माणसं!

२०१० मध्ये सुबोध भावेंनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. आजोबांच्या गाण्याशी तुलना होणार हे माहीत असून रोज उभं राहायचं, ही साधी गोष्ट नाही. आमच्या क्षेत्रात जुनी प्रणाली बदलताना ती आधी बंद करता येते. नटाला ती सोय नाही.

२०१५ चा सिनेमा आपल्या बहुतेक मुलांनी पाहिलाय. गाणी पाठ आहेत, पण वाक्यं कळत नाहीत, कारण शाळा हिंदी. माझी भाची ‘कट्यार म्हणजे काय?’ विचारते. समोर बसून अडीच-तीन तास मराठी ऐकण्याची संधी सौंसर-पांढुर्ण्यात फारशी मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहात असं नाटक लागलं, तर मुलांची तिकिटं आधी काढा. परीक्षा असली तरी. आणि रात्री परतीच्या गाडीची सोय दुपारीच बघून ठेवा.