कापडाच्या दुकानांतील मुलाखत

मुलाखत म्हटली कीं, सुशिक्षित घरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें एक लांब टेबल, त्यामागें बसलेले तीन गंभीर चेहरे आणि समोर अंग चोरून बसलेला उमेदवार असें चित्र उभें राहतें. कापडाच्या दुकानांत गिऱ्हाइकांना माल दाखविण्याची नोकरी मिळवितांनाहि मुलाखत द्यावी लागते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. या मुलाखतीला टेबल नसतें, ठरलेली वेळ बहुधा नसते आणि पुष्कळदां ती चालूं आहे हेंहि उमेदवाराला कळत नाहीं. म्हणूनच हुशार मुलेंमुली तींत मागें पडतात आणि आपण कोठें चुकलों हें त्यांना शेवटपर्यंत उमगत नाहीं.

नागपूर जिल्हा हा कापडाच्या धंद्याचें जुनें ठाणें होय. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरांत १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली आणि पुढें कित्येक पिढ्यांचे संसार तिच्या भोंग्यावर चालले. ती गिरणी २००२ सालीं बंद पडली. हातमागांचीहि संख्या घटत गेली. कापडाची विक्री मात्र वाढतच राहिली. टाटांच्याच उद्योगसमूहानें १९९८ च्या सुमारास तयार कपड्यांच्या दुकानांच्या धंद्यांत पाऊल टाकलें, हें या पालटाचें बोलकें उदाहरण आहे. या जिल्ह्यांत कापडाच्या धंद्याला माणूस लागतो तो आतां मागावर कमी आणि गिऱ्हाइकासमोर अधिक. मागावरचें कौशल्य हातांत असे; गिऱ्हाइकासमोरचें कौशल्य जिभेंत, नजरेंत आणि मुख्यतः स्वभावांत असतें. तें कागदावर दिसत नाहीं, म्हणून तें पाहण्यासाठीं ही निराळी परीक्षा.

जिल्ह्याच्या उत्तर भागांतील पारशिवनी या तालुक्याच्या गांवाचें उदाहरण घ्यावें. पेंचच्या जंगलाकडील खेड्यांतला शेतकरी, कन्हानकडील कोळशाच्या खाणींतला कामगार, कचेरींतला कारकून आणि शाळेंतली शिक्षिका अशीं निरनिराळीं माणसें अशा गांवच्या दुकानाची पायरी चढतात. पोळा आणि दिवाळी या सणांना गर्दी होते. लग्नसराईंत तर एकेका बस्त्यासाठीं घरचीं दहा-दहा माणसें गादीवर येऊन बसतात. नवरीच्या शालूवर आईची एक नजर, आत्याची दुसरी आणि पैसे देणाऱ्या बापाची तिसरी. या सगळ्यांना सांभाळून घेईल असें माणूस मालकाला हवें असतें. माल दाखविणाऱ्याचा एक तिरकस शब्द गेला, तर तें घराणें उठून सरळ नागपुरास गांधीबागेंतल्या बाजारांत जातें आणि पुढल्या लग्नालाहि परत येत नाहीं.

आतां बारावी झालेली एखादी मुलगी अशा दुकानांत काम मागावयास गेली अशी कल्पना करावी. तिची मुलाखत उंबरठ्यावरच सुरू होते. ती भर गर्दीच्या वेळीं आली कीं निवांत सकाळीं, मालक गिऱ्हाइकांत गुंतला असतां मध्येंच बोलली कीं बाजूला थांबली, हें गल्ल्यावरून पाहिलें जातें. पोषाख भारी नसला तरी चालतो. तो स्वच्छ आणि नीट घडी मोडलेला असावा. जें माणूस स्वतःच्या कपड्याची काळजी घेत नाहीं तें दुकानांतल्या कपड्याची घेईल, असें कोणीहि मानीत नाहीं.

मग प्रश्न येतात आणि ते वरवर साधे वाटतात. “बेटा, नऊवारी म्हणजे किती मीटर?” पुष्कळ मुलें येथेंच गडबडतात. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आलीं, पण लुगड्याचें नांव वारांतच राहिलें. एक वार म्हणजे ३६ इंच, अर्थात् ९१ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. म्हणून नऊवारी सुमारें सव्वाआठ मीटर आणि सहावारी सुमारें साडेपांच मीटर भरते. “१८० रुपये मीटरचें कापड साडेतीन मीटर घेतलें, तर किती झाले?” याचें ६३० हें उत्तर तोंडीं आलें पाहिजे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागूं झाला, आणि पावती पुष्कळदां संगणकावर होत असली, तरी गिऱ्हाईक भाव विचारतें तें तोंडीं आणि उत्तर मागतें तेंहि तोंडींच. जें येत नसेल तें “शेठजी, हें मला येत नाहीं, पण शिकेन,” असें स्पष्ट सांगणें केव्हांहि बरें. अंदाजानें ठोकून दिलेलें उत्तर मालकाला अज्ञानापेक्षां अधिक भिवविते. कारण तेंच माणूस उद्यां गिऱ्हाइकालाहि सुताची साडी रेशमाची म्हणून सांगेल.

“पहिली नोकरी कां सोडली?” हा प्रश्न सर्वांत फसवा. येथें जुन्या मालकाच्या नांवानें बोटें मोडणारा उमेदवार आपलें नुकसान करून घेतो. ऐकणारा मनांत म्हणतो कीं, उद्यां हा माझ्याविषयींहि असेंच बोलेल. खरें कारण थोडक्यांत, कोणाची निंदा न करितां सांगावें आणि थांबावें.

परंतु खरी कसोटी याहून पुढें आहे. अनुभवी मालक बोलतां बोलतां पांच-सहा साड्या उलगडून टाकतो आणि त्या घडी करावयास सांगतो. किंवा समोर आलेल्या गिऱ्हाइकाला माल दाखविण्यास सुचवितो. समजा, एक म्हातारी बाई येते, वीस लुगडीं काढावयास लावते, प्रत्येकाचा पदर चाचपून पाहते आणि अखेरीस “उद्यां येतें, माय,” म्हणून निघून जाते. त्या क्षणीं मालक त्या म्हातारीकडे पाहत नाहीं. तो उमेदवाराचा चेहरा पाहतो. कपाळावर आठी पडली कीं परीक्षा संपली. “या हो आजी,” असें म्हणून जी शांतपणें घड्या घालूं लागते, तिला नोकरी मिळण्याचा संभव पुष्कळ. विकत घेणाऱ्याशीं गोड बोलणें कोणासहि साधतें. न घेणाऱ्याचा मान राखणें हीच या धंद्याची विद्या. कारण ती म्हातारी आज भाव काढावयास आलेली असते आणि उद्यां नातीच्या लग्नाचा बस्ता तिच्याच शब्दावर ठरणार असतो.

येथवर दुकानानें उमेदवाराला पाहिलें. उमेदवारानेंहि दुकानाला पाहिलें पाहिजे, हा मुलाखतीचा दुसरा अर्धा भाग. आणि गरजू घरांतलीं मुलें नेमका हाच भाग संकोचानें सोडून देतात. पगार किती व कोणत्या तारखेस, दुकान किती वाजतां उघडतें व मिटतें, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशीं, माल फाटला किंवा हरवला तर भुर्दंड कोणावर, हे चार प्रश्न नम्रपणें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. “चार दिवस येऊन पाहा” असें मालक म्हणाला, तर त्या चार दिवसांची मजुरी मिळेल कीं नाहीं, हेंहि तेव्हांच विचारावें. जुन्या काळीं उमेदवारी करणें म्हणजे फुकट राबून धंदा शिकणें असा अर्थ असे. तो अर्थ अद्याप कित्येक ठिकाणीं जिवंत आहे आणि चार दिवसांचा महिना कधीं झाला हें कळत नाहीं. शाळेचा मूळ दाखला कोणाच्याहि तिजोरींत ठेवूं नये, नक्कल द्यावी. मूळ कागद अडकला कीं माणूसहि अडकतो.

महाराष्ट्रांत २०१७ सालीं दुकानांतील नोकरांविषयीं नवा कायदा झाला. त्यानें आठवड्यांतून एक पूर्ण दिवस सुट्टी, जादा कामास दुप्पट वेतन आणि रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीवांचून कामावर न ठेवणें हे नियम घातले. थोड्या नोकरांच्या लहान दुकानास यांतील पुष्कळ कलमें लागूं होत नाहींत. तेथें आरंभीं जें बोलून ठरेल त्यावरच पुढचें सारें चालतें. किमान वेतनाचा नियम मात्र लहान दुकानासहि लागूं आहे. म्हणून पहिल्या दिवशीं विचारलेला एक प्रश्न पुढल्या वर्षाचें भांडण वांचवितो. आणि समंजस मालक अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. स्वतःचा हिशेब नीट विचारणारें माणूस दुकानाचा हिशेबहि नीट ठेवील, हें तो जाणतो. जो रागावतो, त्याची परीक्षा त्याच क्षणीं झालेली असते.

शहरांतील सुस्थित घरांना ही नोकरी लहान वाटते. तथापि दोन साड्यांत एकीची निवड करण्यासाठीं ज्या घरांतून पन्नास साड्या काढविल्या जातात, त्या घरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, गादीच्या पलीकडे दिवसभर उभी असलेली ती मुलगी एक कठीण परीक्षा देऊन तेथें आलेली आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तीच परीक्षा पुनः देत आहे. कांहीं न घेतां उठतांना “त्रास दिला हो, बाई,” असे दोन शब्द तिला म्हणावयास पैसा पडत नाहीं. आणि ते ऐकून पुढची घडी तिच्या हातून अधिक नीट पडते.