हतनूरचे दरवाजे आणि आमचा तळमजला

पावसाळ्यात भुसावळहून मामांचा फोन आला, की आईचा पहिला प्रश्न असतो, "हतनूरचे दरवाजे उघडले का रे?"

सुरतेतल्या खानदेशी घरांत हा प्रश्न नेहमीचा. मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचा जवळजवळ ८० टक्के भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा यांचं पाणी तापीतून उकाई धरणात येतं. आजोळचा पाऊस असा आमच्या दारी पोहोचतो.

ऑगस्ट २००६ मध्ये तो घरातच शिरला. मी पाचवीत होतो, अडाजणला तळमजल्यावर राहायचो. उकाईतून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि बहुतेक शहर बुडालं. त्या वर्षी राखीपौर्णिमा आम्ही शेजारच्या पटेलकाकांच्या दुसऱ्या मजल्यावर केली. लाइट नाही, प्यायला पाणी नाही. ताईने पडद्याच्या दोरीची राखी बांधली.

खरा पेच धरणातच आहे. शेती, वीज आणि पिण्यासाठी ते भरलेलं हवं, पण पूर अडवायला त्यात जागा रिकामी हवी. त्यातच समुद्राला भरती असली, की नदीचं पाणी मुखाशीच तुंबतं. म्हणून पावसाची, धरणाची आणि शहराची माहिती वेळेवर एकत्र येणं महत्त्वाचं. २००६ नंतर सुरतेत पूर्वसूचना यंत्रणेवर काम झालं ते याचसाठी. १९९४ च्या प्लेगनंतरही हे शहर असंच सावरलं होतं आणि स्वच्छतेसाठी नावाजलं गेलं. आज बमरोलीत सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना दिलं जातं, तेवढंच नदीचं पाणी वाचतं.

तरी काळजी संपलेली नाही. लिंबायतसारख्या आपल्या मराठी वस्तीत मीठी खाडी भरून येते. तिथे तापी शांत असली तरी घरात पाणी शिरू शकतं. खाडीची वाट बांधकामाने आणि कचऱ्याने अडली, तर एकटं धरण काय करणार?

आम्ही आता पहिल्या मजल्यावर राहतो. तरी जून लागला, की आई कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवते. यंदा ती मी ठेवली. आई हसून म्हणाली, "आता मामांना फोनही तूच कर."