थडग्याचा राखणदार : सागा, कादंबरी आणि भूमिका-खेळ

पुरलेल्या धनावर मृत मालकच राखण करीत बसतो, हा कल्पनाबंध मराठी लोककथेला नवा नाही. मरणोत्तर भुजंग होऊन धनावर बसणारा कृपण तिच्यात अनेकदा भेटतो. युरोपीय परंपरेत हाच कल्पनाबंध मध्ययुगीन सागेपासून आधुनिक भूमिका-खेळापर्यंत आलेला आहे. या प्रवासात राखणदाराचे धनाशी असलेले नाते कसे पालटले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

चौदाव्या शतकाच्या आरंभीची मानली जाणारी ‘ग्रेत्तिर सागा’ ही आइसलँडी गद्यकथा होय. तीत नॉर्वेमधील एका बेटावर कार नावाचा मृत वृद्ध आपल्या दफन-टेकाडात धनासह बसलेला आहे. त्याने मांडलेल्या उच्छादामुळे इतर शेतकरी परागंदा झाले आणि सारे बेट त्याचा मुलगा थोरफिन याच्याकडे आले. थोरफिनच्या आश्रितांना मात्र त्याचा उपद्रव नाही. ग्रेत्तिर टेकाड फोडून आत उतरतो, झुंजीअंती काराचे मस्तक छाटतो, आणि धन थोरफिनपुढे आणून ठेवतो. त्याला हवी असलेली आखूड तलवारही पुढे पराक्रम सिद्ध केल्यावरच मिळते. येथे राखणदार हा कुळाचा पूर्वज आहे. त्याचा पराभव झाला तरी वारसाहक्क अबाधित राहतो.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (१९५४) या कादंबरीतील टेकाडांत पुरातन राजवंशीय निजलेले आहेत. परंतु तेथे वावरणारे ‘वाइट’ हे बाहेरून शिरलेले दुष्टात्मे होत. मालक आणि राखणदार अशा रीतीने विभक्त झाले. म्हणूनच वाइटला हुसकावून लावल्यावर ते धन कोणीही न्यावे असे मोकळे होते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाने हा वाइट उचलला. या खेळात एक सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती ठरवितात आणि यशापयशाचा निर्णय फासे देतात. मिळविलेल्या धनाचे अनुभव-गुण होतात व त्यांवर पात्राची पातळी चढते. वाइटचा प्रत्येक यशस्वी प्रहार मात्र एक पातळी हिरावतो. सर्व पातळ्या गमावणारे पात्र स्वतःच वाइट होते. धन जे देते, नेमके तेच राखणदार परत घेतो. पूर्वज आणि वारस दोघेही लुप्त झाले, तरी लुटीची किंमत मोजावी लागते हा सागेतील अर्थ नियमाच्या रूपाने टिकून राहिला.

२०१४ च्या आवृत्तीत धनावरून पातळी चढत नाही आणि वाइटही ती हिरावत नाही. तो पात्राच्या जीवनगुणांची कमाल मर्यादा घटवितो, व दीर्घ विश्रांतीनंतर ती हानी भरून निघते. देणे आणि घेणे यांतील जुनी सांगड येथे सुटली, आणि राखणदार इतर शत्रूंसारखाच एक शत्रू उरला.

तात्पर्य, राखणदार कोणाच्या वतीने राखतो आणि धन नेणाऱ्याकडून काय वसूल करतो, या दोन प्रश्नांवर या कल्पनाबंधाचा अर्थ अवलंबून असतो. त्यांचे उत्तर नियमपुस्तिकेतही सापडते. म्हणून लोकसाहित्याच्या अभ्यासकाने तीही संहिता म्हणून वाचणे अगत्याचे आहे.