शेळीचा गुडघा कुठे असतो?

काय दोस्तांनो, लावायची का पैज? खेडमध्ये जगबुडी नदीच्या काठाने चालत गेलात, की एखादी तरी शेळी चरताना दिसेलच. तिचा गुडघा कुठे आहे, बोट ठेवून दाखवा पाहू!

"हा काय, पुढचा पाय दुमडून बसते तो!" असं म्हणालात ना? हरलात! ते तिचं मनगट. मग मागच्या पायात मागे टोक निघालंय ते? ती टाच! खरा गुडघा मागच्या पायातच, पण पार वर, पोटाला लागून असतो. त्यावर आपल्यासारखी वाटीसुद्धा असते.

आता जरा आत डोकावू. घरी मटण आणत असतील, तर मागच्या तंगडीचा सांधा उघडून दाखवायला सांगा. मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि खालच्या नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गोल हाड सपाटावर टिकणार कसं? म्हणून मध्ये दोन पांढऱ्या, चिवट, अर्धगोल गाद्या असतात. बाहेरची कड जाड, आतली पातळ. गोल बुडाचा हंडा कलंडू नये म्हणून त्याखाली चुंबळ ठेवतात ना, तसंच हे. या गादीला डॉक्टर म्हणतात मेनिस्कस. आपल्याही प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात. आपण उभे असतो तेव्हा गुडघ्यावरचा निदान निम्मा भार त्याच पेलतात.

गंमत म्हणजे, या गाद्या बिनकामाच्या आहेत असं एके काळी मोठमोठे डॉक्टर मानायचे. फाटली गादी? टाका काढून!

मग १९३६ साली डॉन किंग या अमेरिकन डॉक्टरने कुत्र्यांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. गादीची बाहेरची कड फाटली तर जखम भरून यायची, पण आतल्या भागात फाटली तर नाही. का बरं? रक्तवाहिन्या फक्त बाहेरच्या कडेपर्यंतच पोचतात. जिथे रक्त नाही, तिथे दुरुस्ती कशी होणार? पुढे १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश डॉक्टरने गादी काढलेल्या माणसांचे एक्स-रे पाहिले. त्या गुडघ्यांत हाडांमधली फट कमी झाली होती आणि हाडाचा गोलवा चपटा पडला होता. बिनकामाची गादी चांगलीच कामाची निघाली!

तरी एक कोडं उरलंच. रसाळगड उतरताना आजोबा "गुडघे दुखतायत" म्हणतात, तेव्हा त्यांच्या हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजलेली असू शकते आणि गादीही फाटलेली असू शकते. मग आधी काय झालं? गादी फाटली म्हणून कूर्चा झिजली, की कूर्चा झिजली म्हणून गादी फाटली? माणसात ही झीज व्हायला वर्षानुवर्षं लागतात. उंदरात काही आठवड्यांतच दिसते. सोन्या ग्लासन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरचा असा प्रयोग मांडला. गादीला नडगीशी बांधून ठेवणारा एवढासा बंध त्यांनी कापला. कूर्चेला हातही लावला नाही. पण गादी जागची सरकली आणि कूर्चा झिजू लागली. म्हणजे गादी बिघडली एवढंही झिजेला पुरतं. उलटंही घडतं: आधी झीज आणि मग जीर्ण झालेली गादी फाटते.

पण थांबा, उंदीर म्हणजे काही छोटा माणूस नव्हे! त्याच्या मेनिस्कसमध्ये चक्क हाडाचे बारीक तुकडे असतात. म्हणून पुढचे प्रयोग मेंढी आणि शेळीवरही करतात, कारण त्यांचा गुडघा आकाराने आपल्या जवळचा.

"अहो, पण त्या प्राण्यांना दुखत नाही का?" बरोबर विचारलंत. शस्त्रक्रियेआधी त्यांना भूल देतात. आपल्याकडे प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा आहे आणि अशा प्रयोगाआधी संस्थेच्या नीती समितीची परवानगी घ्यावीच लागते.

या मुक्या जिवांमुळे आज डॉक्टर गादी सरसकट काढून टाकत नाहीत, जमेल तिथे शिवतात. तेव्हा कबड्डी खेळताना पाय रोवलेला असतानाच गुडघा पिळवटला, सुजला किंवा मध्येच अडकू लागला, तर लपवू नका आणि कुणाकडून चोळूनही घेऊ नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.